मंगळवारची पेशंट

चार वर्षं न चुकता हप्ते घेतल्यावर एका सोमवारी कंपनीच्या असं लक्षात आलं, की आपण या घराचा आरोग्यविमा कधी उतरवलाच नव्हता.

बंद करतोय असं नाही. यापुढे देणार नाही, असंही नाही. कधी नव्हताच. ‘पॉलिसी आरंभापासून रद्दबातल’ असे शब्द होते. ट्यूटरबाईंनी ते पत्र आधी उभ्यानं वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं. तिन्ही वेळा मजकूर तोच निघाला. आपण अर्ज भरताना आपणांस पंधरा वर्षांपासून असलेला दमा लपवलात, सबब आपली व आपल्या पतींची पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्द होत आहे, आणि आजवर हॉस्पिटलला दिलेले पैसे परत मागवण्यात येत आहेत. खाली सहीच नव्हती. हे पत्र संगणकानं तयार केल्यामुळे सहीची आवश्यकता नाही, अशी एक ओळ तेवढी होती.

"दमा?" बाई म्हणाल्या. "कुणाला दमा?"

समोर त्यांचे यजमान बसले होते. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काढल्यामुळे सगळी गल्ली त्यांना टर्नर म्हणायची, आणि निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. त्यांनी पत्र हातात घेतलं, लांब धरून वाचलं आणि बायकोकडे बघितलं.

"सदतीस वर्षं संसार केला, आणि तुला दमा आहे हे मला सांगितलं नाहीस? फसवलंस गं मला."

"अहो, थट्टा कसली करताय? गुरुवारी चौथी किमो आहे."

टर्नरांचा हात मानेवर गेला. त्यांच्या मानेतली गाठ त्यांची त्यांनाच दाढी करताना सापडली होती. बायकोला सांगायच्या आधी या माणसानं काय करावं? हत्यारांच्या पेटीतून व्हर्निअर काढला, आरशासमोर उभं राहून गाठ मोजली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "चौतीस मिलिमीटर आहे." डॉक्टरांनी पुढं नाव सांगितलं, पण घरात ती गाठ आकड्यांनीच ओळखली जायची. पहिल्या किमोनंतर बावीस. दुसरीनंतर तेरा. तिसरीनंतर आठ. तीन-तीन आठवड्यांनी एक, अशा सहा घ्यायच्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, औषध छान लागू पडलंय, सहाच्या सहा पुऱ्या करा, मध्ये खंड पडू देऊ नका, तुम्ही पूर्ण बरे व्हाल. ‘पूर्ण’ हा शब्द डॉक्टर उगाच वापरत नाहीत, हे बाईंना माहीत होतं. त्यांचा सगळा जन्म हॉस्पिटलात गेला होता.

त्यांनी किमोच्या हॉस्पिटलला फोन लावला. कॅशिअर सभ्य होता. म्हणाला, "कंपनीनं तिन्हींचे पैसे परत मागितलेत, मॅडम. ते भरल्याशिवाय चौथीची तारीख सिस्टिमच घेत नाही." घरात जे होतं नव्हतं त्यात एक बसली असती, ओढूनताणून दीड. बाईंनी सार्वजनिक हॉस्पिटलच्या रांगेतही नाव घातलं. तिथं दहा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली, आणि ती लवकरची आहे असंही सांगण्यात आलं.

गुरुवार आला आणि गेला. टर्नर त्या दिवशी सकाळी कपडे करून दहापर्यंत बसून राहिले. मग उठले आणि पुन्हा घरचे कपडे घातले.

* * *

दम्याचा उलगडा शुक्रवारी झाला. मोठी बिलं यायला लागली की कंपनी एक माणूस सोडते. तो जुन्या हॉस्पिटलांत फिरतो आणि त्या नावावर काही सापडतंय का ते उकरून काढतो. बाईंच्या बाबतीत त्याला फार फिरावंच लागलं नाही. बाईंनी जिथं तीस वर्षं नोकरी केली, तिथंच तो गेला, आणि परत येताना कागद घेऊन आला. त्या कागदाची नक्कल कंपनीनं बाईंच्या तीन अर्जांनंतर आणि सात फोननंतर पाठवली. बाईंनी ती उघडली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

केसपेपर त्यांच्याच नावाचा होता. वय बरोबर, पत्ता बरोबर. तक्रार: रात्री दम लागणे, छातीत घरघर, पंधरा दिवसांपासून वाढ. खाली अक्षर एका पोरीचं, गोल गोल, प्रत्येक अनुस्वार पुरीएवढा. आणि कागदावर वार होता मंगळवार.

आता बाई ट्यूटर होत्या म्हणजे काय, ते सांगायला हवं. हॉस्पिटलला जोडलेल्या शाळेत त्या नर्सिंगच्या मुलींना शिकवायच्या. नव्या मुलींना एकदम आजारी माणसासमोर उभं केलं, की त्या गांगरतात, आणि माणूस मरतोय का बघायचं सोडून त्याच्या नावाचं स्पेलिंग विचारत बसतात. म्हणून दर मंगळवारी दुपारी बाई स्वतः पेशंट व्हायच्या. शाळेच्या खोलीतल्या खाटेवर जाऊन पडायच्या आणि एकेका मुलीनं येऊन त्यांची हकिकत घ्यायची, केसपेपर भरायचा. रोग बाई ठरवून यायच्या. कधी कावीळ, कधी मूतखडा, कधी सापडायला अवघड असं काहीतरी. दम्याच्या मंगळवारी तर त्यांनी अशी धाप लावली होती, की बाहेरून जाणारा शिपाई ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन धावत आला. सगळं हॉस्पिटल त्यांना गमतीनं मंगळवारची पेशंट म्हणायचं.

सुरुवातीला मुली केसपेपरवर वाटेल ती नावं घालायच्या. सम्राज्ञी अमकी, महाराणी तमकी, आणि मग आपलं फिदीफिदी हसत बसायचं. बाईंनी एक दिवस फर्मान काढलं. "माझंच नाव घाला. खरं नाव, खरं वय, खरा पत्ता. रोग तेवढा खोटा." आणि हा कागद सरावाचा आहे हे कळावं म्हणून वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं मोठ्या अक्षरांत ‘सराव’ लिहायचं, हाही नियम त्यांचाच. एखादी विसरली तर बाई कागद परत द्यायच्या. शाळेला सरावाचे वेगळे फॉर्म छापून देण्याइतकं हॉस्पिटलचं मन मोठं नव्हतं, म्हणून मुली वॉर्डातलेच खरे केसपेपर वापरायच्या.

या नकलेवर ‘सराव’ नव्हतं. कोपरा कोरा होता.

बाई थेट हॉस्पिटलच्या तळघरात रेकॉर्डरूममध्ये गेल्या. तिथला रेकॉर्डवाला त्यांच्या ओळखीचा, मिशा पांढऱ्या झालेला, अजून त्याच स्टुलावर. त्यानं नक्कल बघितली आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, तुमची शाळा नव्या इमारतीत गेली ना, तेव्हा तुमचं ते कपाट आमच्याकडं टाकलं त्यांनी. आम्हाला वाटलं, पेशंटचेच कागद. सगळं स्कॅन करून टाकलं."

"आणि लाल अक्षर कुठं गेलं?"

"आपल्या केसपेपरच्या छापील रेघा लाल असायच्या, आठवतंय? रेघांच्या जाळ्यात अक्षर नीट उठत नव्हतं. म्हणून मशिनला सांगितलं होतं, लाल दिसेल ते सोडून दे."

"म्हणजे माझा ‘सराव’ मशिननं खाल्ला."

"रेघांबरोबर गेला, मॅडम."

"मूळ कागद दाखव मला."

रेकॉर्डवाल्यानं मान खाली घातली. "लगदा झाला. तीन वर्षं झाली. स्कॅन झालं की ठेवायचे नाहीत, असा हुकूम होता."

बाई तिथंच दुसऱ्या स्टुलावर बसल्या. राग यायला समोर माणूस तरी लागतो, आणि इथं होतं एक मशिन, ज्यानं सांगितलं तेवढंच केलं होतं. मग त्यांना आपलाच राग आला. इतका नेटका नियम करायची काय गरज होती? खरं नाव, खरं वय, खरा पत्ता! महाराणी म्हणून आजारी पडले असते तर आज नवरा सलाईन लावून पडला असता आणि बरा होत असता.

"असे किती आहेत रे माझ्या नावानं?"

त्यानं चष्मा सावरून शोधलं. "तीनशे अठरा."

* * *

तीनशे अठरा म्हटल्यावर बाईंना धीर आला. त्यांना वाटलं, आता काम झालं. एका माणसाला एका जन्मात इतके रोग होणं शक्य तरी आहे का? हे कुणाही शहाण्या माणसाला दिसेल. इथं बाई चुकल्या. अशी चूक जन्मभर शिकवणारी माणसंच करतात. समोरच्याला नीट समजावलं की तो समजतो, असं त्यांना वाटत असतं.

त्यांनी तीनशे अठरातून एक्केचाळीस केसपेपर निवडले. सगळ्यांत अचाट तेवढे घेतले. एका मंगळवारी विषमज्वर आणि पुढच्याच मंगळवारी डाव्या पायाला गँगरीन होऊन पाय गुडघ्याखाली काढलेला. त्याच्या पुढच्या मंगळवारी त्याच पायाचा घोटा मुरगळलेला. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी जुळ्यांची प्रसूती, बाळं आणि बाळंतीण सुखरूप. तारखांचा तक्ता केला. हॉस्पिटलच्या हजेरीपुस्तकाची नक्कल लावली, की गँगरीनच्या आठवड्यात बाई रोज कामावर हजर होत्या, तेही जिन्यानं. जुन्या पाच विद्यार्थिनींची पत्रं मिळवली. त्यातली एक आता एका मोठ्या हॉस्पिटलची मेट्रन होती. तिनं लिहिलं, ‘दम्याचा केसपेपर मी स्वतः भरला आहे. मॅडमना दमा नव्हता, त्यांनी तो करून दाखवला होता.’ बाईंनी सगळं गठ्ठ्यात बांधून कंपनीला दिलं आणि पोच घेतली.

टर्नर त्या एक्केचाळीस कागदांवर मनमुराद हसले. आजार सुरू झाल्यापासून असं हसणं घरात नव्हतं. "अगं, इतकं होऊनही तू माझ्या डब्याला उशीर केला नाहीस कधी," ते म्हणाले. गाठ त्या दिवशी अकरा होती.

मग कंपनी गप्प बसली. फोनवर एक गोड आवाज यायचा, तो रोज सांगायचा, आपली फाईल प्रक्रियेत आहे. बाई विचारायच्या, म्हणजे नक्की कुणाच्या टेबलावर आहे? गोड आवाज म्हणायचा, प्रक्रियेत आहे. बाई म्हणायच्या, माझ्या यजमानांची गाठ वाढतेय. गोड आवाज म्हणायचा, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. गैरसोय! नळाला पाणी आलं नाही तर ती गैरसोय.

गाठ पंधरा झाली.

चौथ्या आठवड्यात पत्र आलं. टर्नरांनी ते वाचायला घेतलं, कारण बाईंचे हात पिठात होते. त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "आपण सादर केलेल्या अतिरिक्त कागदपत्रांची छाननी केली असता असं आढळून आलं, की आपण दम्याखेरीज पुढील बाबीही अर्जात लपवल्या होत्या."

"काय?" बाई म्हणाल्या.

"यादी आहे. एक, विषमज्वर. दोन, मूतखडा. तीन, डावा पाय गुडघ्याखाली काढण्याची शस्त्रक्रिया." टर्नरांना हसू फुटलं. ते हसत हसतच पुढं वाचत गेले. सात, आठ, नऊ. "चौदा, प्रसूती, जुळी. अपत्यांची माहिती देण्याच्या रकान्यात आपण ‘नाही’ असे लिहून दोन अपत्यांची..."

ते थांबले. पत्र त्यांनी टेबलावर पालथं ठेवलं.

या घरात मूल झालं नव्हतं. व्हावं म्हणून पहिली बारा वर्षं काय काय केलं, ते दोघांनाच माहीत होतं, आणि एकदा ते थांबवल्यावर दोघांनी तो विषय पुन्हा काढला नव्हता. जुळ्यांचा मंगळवार बाईंनी अभ्यासक्रमात होता म्हणून केला होता. खाटेवर पडून त्यांनी कळा दिल्या होत्या, आणि पोरींनी टाळ्या वाजवल्या होत्या. घरी आल्यावर त्या जेवल्या नव्हत्या. आणि आता ही कंपनी छापील कागदावर विचारत होती, की तुमची दोन पोरं तुम्ही आमच्यापासून का लपवलीत?

बाईंनी हात धुतले. पीठ तसंच राहिलं. पायात मोजे घातले, बूट घातले.

"कुठं निघालीस?" टर्नरांनी विचारलं.

"पाय दाखवायला," बाई म्हणाल्या.

* * *

कंपनीचं ऑफिस पाचव्या मजल्यावर होतं. भिंतीवर एका हसऱ्या कुटुंबाचं भलंमोठं चित्र होतं, आजी-आजोबांपासून लेकरापर्यंत सगळ्यांचे दात दिसत होते. बाईंनी टोकन घेतलं आणि पाऊण तास बसल्या. नंबर आला तेव्हा त्या खिडकीशी थांबल्याच नाहीत. आत गेल्या. ‘दावे विभाग’ अशी पाटी होती तिथं एक टाय लावलेला, पस्तिशीचा अधिकारी चहा पीत बसला होता.

"मॅडम, बाहेर..."

"पत्र तुम्ही पाठवलंत?"

त्यानं पत्र बघितलं. "हे सिस्टिममधून..."

"सिस्टिम कुठं बसते? बोलवा तिला."

बाईंनी खुर्ची ओढली, बसल्या, डावा बूट काढला, मोजा काढला आणि पाय उचलून त्याच्या टेबलावर ठेवला, की-बोर्ड आणि चहाच्या कपाच्या मधोमध. चौसष्ट वर्षांच्या बाईनं पाय इतका वर उचलणं सोपं नसतं. गुडघा कळवळला, पण पाय टेबलावर गेला.

"मॅडम, प्लीज! पाय खाली घ्या."

"कुठला पाय? तुमच्याकडं तर तो नाहीये. नंबर तीन, वाचा ना."

आसपासच्या टेबलांवरची माणसं उठून बघायला लागली. बाहेर टोकन घेऊन बसलेलीही दारात जमली.

"आम्ही रेकॉर्डवर जातो, मॅडम. रेकॉर्डवर जे आहे ते..."

"मीही तेच शिकवलंय तीस वर्षं. जे बघाल ते लिहा. आता बघा आणि लिहा."

"मी डॉक्टर नाही. मला असं सर्टिफाय करता येत नाही."

"पाय मोजायला डॉक्टर कशाला लागतो?" बाईंचा आवाज चढला नव्हता. वर्गात सगळ्यांत मठ्ठ मुलीशी बोलायचा तोच आवाज होता, शांत आणि टोकदार. "हा डावा. हा खाली उजवा. किती झाले?"

टायवाला घामाघूम झाला. त्यानं आजूबाजूला बघितलं. कुणी मदतीला येईना. दारातून एक म्हातारा म्हणाला, "दोन आहेत हो. मला इथनं दिसतायत."

"कागद घ्या," बाई म्हणाल्या. "तारीख घाला. वेळ घाला. लिहा, आज समक्ष पाहिलं असता यांचे दोन्ही पाय शाबूत आढळले. आढळले, आधी ळ, मग ल. पुढं लिहा, सबब यादीतील क्रमांक तीन खोटा आहे. आणि क्रमांक तीन ज्या गठ्ठ्यातला, त्याच गठ्ठ्यातला दमा. आता सही करा. संगणकाची नको, तुमची."

त्यानं लिहिलं. सही केली. मान वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर वेगळंच काही होतं. हळू आवाजात तो म्हणाला, "मॅडम, मी स्वतः हे वर नेतो. तपासणी समिती आहे. मी पाठपुरावा करतो."

"किती दिवस?"

"लवकरात लवकर."

"माझे यजमान मिलिमीटरनं मोजतात," बाई म्हणाल्या. "आज एकोणीस आहे. तुम्ही कशानं मोजता?"

बाईंनी मोजा चढवला, बूट घातला, कागदाची नक्कल काढून घेतली आणि निघाल्या. लिफ्टमध्ये एकट्या असताना त्यांना पहिल्यांदा रडू आलं. चार मजले रडून झालं, तळमजल्यावर त्यांनी नाक पुसलं.

टायवाल्यानं शब्द पाळला, हे खरं. पण समिती महिन्यातून दोनदा बसायची, आणि पहिल्या बैठकीला एक सदस्य रजेवर होता. त्या रजेची किंमत पाच मिलिमीटर. त्याच्या पुढच्या आठवड्यात टर्नरांनी आरशासमोर उभं राहून गाठ मोजली, आकडा सांगितला नाही, व्हर्निअर तेल लावून डबीत ठेवला आणि पेटी पलंगाखाली सरकवली. बाईंनी विचारलं नाही. कॉलरचं बटण लागत नव्हतं, ते दिसतच होतं.

* * *

गुरुवारच्या त्या चुकलेल्या किमोला बरोबर सात आठवडे झाले, आणि पत्र आलं. पॉलिसी पूर्ववत. हॉस्पिटलचा कॅशिअर स्वतः फोन करून म्हणाला, या, मॅडम, या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पोहोचले. टर्नरांना तपासणीसाठी रक्त द्यायला आत नेलं. डॉक्टरांनी सकाळीच काढलेलं नवं स्कॅनिंग बघितलं आणि बाईंना एकटीला खोलीत बोलावलं.

डॉक्टर आढेवेढे घेणारे नव्हते. गाठ परत आली, एवढंच असतं तर चाललं असतं, ते म्हणाले. अर्धवट मारून सोडलेली ती पेशी आता शहाणी झालीय. मानेतून छातीत उतरलीय. पहिलं औषध तिला लागू पडायचं नाही. दुसरं देऊ, जास्त कडक आहे, सोसेल तेवढं देऊ. बाईंनी विचारलं, "पूर्ण?" डॉक्टरांनी मान हलवली. "आता लांबवायचं बघू, सिस्टर. तुम्हाला मी वेगळं काय सांगू?"

बाई बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकावर येऊन बसल्या. टर्नरांना हे कसं सांगायचं, त्याची वाक्यं जुळवायला लागल्या. तीस वर्षं त्यांनी मुलींना शिकवलं होतं, वाईट बातमी बसून सांगावी, हळू सांगावी, एका वेळी एक वाक्य. त्यांना पहिलंच वाक्य सापडेना. तेवढ्यात फोन वाजला.

टायवालाच होता. आवाजात आनंद मावत नव्हता. "मॅडम, पत्र मिळालं ना? मी म्हटलं होतं ना! आणि नुसती चालू नाही केली हं, पहिल्या दिवसापासून अखंड धरलीय. रेकॉर्डवर मधला एक दिवसही तुटलेला नाही. म्हणजे जणू काही झालंच नाही."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि अजून एक खूशखबर. गेल्या दोन महिन्यांत तुमच्याकडून एकही दावा आला नाही, त्यामुळे पुढच्या हप्त्याला पाच टक्के सूट बसलीय. सिस्टिमनं आपोआप लावली."

"परत सांगा," बाई म्हणाल्या.

त्याला वाटलं, ऐकू आलं नाही. त्यानं परत सांगितलं. दावा नाही, म्हणून सूट.

बाई उठून उभ्या राहिल्या. कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून फायली मांडीवर घेतलेली माणसं बसली होती, समोर शांतता पाळा अशी पाटी होती, आणि ज्या बाईनं हॉस्पिटलात जन्मभर कधी आवाज चढवला नव्हता, तिनं तो चढवला.

"दावा का नाही आला? विचारा तुमच्या सिस्टिमला! सात आठवडे तो माणूस सकाळी उठून आरशापुढं उभा राहिला. आठाचे नऊ झाले, नवाचे अकरा झाले, मी तुमच्याकडं अर्ज घेऊन फिरत होते! आठ मिलिमीटर राहिली होती. आठ! तीन सलाईनी अजून, की बरा होणार होता. पूर्ण बरा! आता छातीत गेलीय. आता डॉक्टर म्हणतात, बरं व्हायचं नाही, नुसतं लांबवायचं. आणि तुम्ही मला सूट देता? काही झालंच नाही म्हणता? मरणार आहे तो! ऐकू येतंय? तुमच्या रेकॉर्डवर एक दिवस तुटला नाही, आणि माझा माणूस मरणार आहे!"

फोनमधून मॅडम, मॅडम, असं काहीतरी येत होतं. एक तरुण नर्स ओठांवर बोट ठेवून लगबगीनं आली आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघून मध्येच थांबली. ती बाईंच्या खांद्यावरून मागं बघत होती. बाईंनी वळून बघितलं.

रक्त तपासणीच्या खोलीच्या दारात टर्नर उभे होते. बाही वर सरकवलेली, कोपरात कापसाचा बोळा दाबून धरलेला. किती वेळचे उभे होते कोण जाणे. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बाईंना कळलं, की सगळं ऐकलंय.

बाईंचा फोनचा हात खाली आला. "अहो," त्या म्हणाल्या.

टर्नर हळूहळू चालत आले. बाकावर बसले. कापूस एका बोटानं धरून त्यांनी दुसऱ्या हातानं बायकोचा हात मनगटाला धरून वर उचलला आणि फोन परत तिच्या कानाशी लावला.

"थांबलीस कशाला?" ते म्हणाले. "बोल. मोठ्यानं बोल."